मागच्या संकटाचं उत्तर : हैतीच्या पारंपरिक घरांवरून एक समाजमंदिर

आजच्या व्याख्यानाची मांडणी थोडी वेगळी ठेवू या. एखाद्या देशाच्या वास्तुपरंपरेची माहिती ऐकून घरी जाण्याऐवजी त्या परंपरेच्या आधाराने आपण सगळे मिळून एक इमारत कागदावर उभी करू. देश आहे हैती. इमारत आहे गावाच्या सामायिक वापराची, आपल्याकडे जिला समाजमंदिर म्हणतात तशी. सभा, लहान मुलांचा वर्ग, लसीकरणाचा दिवस, लग्न, मयताच्या रात्री जमलेली माणसं, हे सगळं जिथे होईल अशी जागा.

हैती कॅरिबियन समुद्रात आहे, आपल्यापासून अर्ध्या पृथ्वीइतकं लांब. तरी एक गोष्ट आपल्याला सोपी जाणार आहे. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स आणि आपलं पुणे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, साधारण साडेअठरा अंश उत्तर. म्हणजे तिथल्या अंगणात दुपारची सावली जेवढी पडते, तेवढीच त्या दिवशी आपल्या अंगणात पडते. ऊन आपल्या ओळखीचं आहे. बाकीचं शिकावं लागेल.

जागा म्हणून लेओगानच्या सपाट मुलखातलं एक छोटं गाव धरू. लेओगान हे राजधानीच्या पश्चिमेचं शहर. उत्तरेला समुद्र, दक्षिणेला डोंगर, मध्ये उसाची शेती. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपाचं केंद्र याच भागाजवळ होतं. गाव काल्पनिक आहे, पण त्याच्यासमोरचे प्रश्न खरे आहेत.

आता आम्हा वास्तुरचनाकारांची एक खोड सांगतो. ‘परंपरेवर आधारलेली इमारत’ असं म्हटलं की आमचा हात आधी नक्षीकडे जातो. हैतीच्या बाबतीत ती नक्षी फार मोहक आहे. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या पाको, ब्वा व्हेर्ना, त्युर्जो या जुन्या वस्त्यांत लाकडाच्या जाळीदार झालरी लावलेली उंच घरं आहेत. त्यांना ‘जिंजरब्रेड’ घरं म्हणतात. काँक्रीटचा डबा बांधायचा, त्याला पुढून अशी झालर ठोकायची, गुलाबी-निळा रंग द्यायचा, की झालं ‘हैतीयन शैलीचं’ समाजमंदिर! आपण हे करणार नाही. का करणार नाही, ते कळण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

आग, भूकंप, वादळ

३ जून १७७० रोजी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये मोठा भूकंप झाला. तेव्हा तिथे फ्रेंचांची वसाहत होती. दगडी इमारती कोसळल्या. त्यावर फ्रेंच सरकारने हुकूम काढला की यापुढे नुसत्या दगडविटांची घरं नकोत; लाकडाची किंवा लाकडी सांगाड्यात भरलेली बांधा. शहाणपणाचाच हुकूम होता तो.

पुढची दीडशे वर्षं शहर लाकडात वाढलं, दाटीवाटीने वाढलं आणि पुनःपुन्हा जळत राहिलं. शेवटी १९२५ मध्ये शहराच्या प्रमुखाने उलटा हुकूम काढला : आता नवी बांधकामं दगडविटांची, काँक्रीटची नाहीतर लोखंडाची. जिंजरब्रेड घरांचा काळ, जो १८८०च्या दशकात सुरू झाला होता, तो या हुकुमाने संपला. आगीपुरता हाही हुकूम शहाणपणाचाच होता.

मग आलं २०१०. १२ जानेवारी, संध्याकाळी पाचला सात मिनिटं कमी. तीव्रता ७.०. जमीन हलताना जो आवाज आला त्यावरून हैतीच्या लोकांनी त्या भूकंपाला नावच दिलं, ‘गुदूगुदू’. मृतांच्या आकड्यावर आजही वाद आहे. सरकारी आकडा तीन लाखांच्या वर जातो. राष्ट्रपती भवनाचा घुमट खाली बसलेला तो फोटो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ते भवन काँक्रीटचं होतं. त्याचे वास्तुरचनाकार जॉर्ज बोसाँ हे पॅरिसमध्ये शिकून आलेले हैतीयन. आणि गंमत म्हणा, दुःख म्हणा, ते जिंजरब्रेड घरंही बांधत. त्यांच्या पिढीने ज्या शैलीत घरं बांधली, त्या शैलीतली बहुतेक घरं त्या दिवशी उभी राहिली.

भूकंपानंतर काही आठवड्यांत आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी या घरांची पाहणी केली. त्यांच्या अहवालाचा ढोबळ अंदाज असा की जिंजरब्रेड घरांपैकी सुमारे ५ टक्के घरं अंशतः किंवा पूर्ण कोसळली. इतर बांधकामांत हेच प्रमाण सुमारे ४० टक्के धरलं गेलं. शंभर वर्षं जुनी, वाळवी लागलेली, कित्येक वर्षं डागडुजी न झालेली ही घरं होती, हे लक्षात घ्या.

इथे थांबून ‘चला, लाकूडच चांगलं’ असं म्हणता आलं असतं. पण गोष्ट पुढे जाते. ४ ऑक्टोबर २०१६ ला मॅथ्यू नावाचं चक्रीवादळ देशाच्या नैर्ऋत्य टोकावर आदळलं आणि हलक्या घरांची छपरं पाचोळ्यासारखी उडाली. ज्याचं छप्पर वाऱ्याने नेलं, त्या माणसाला डोक्यावर जड स्लॅब हवासा वाटणार, यात नवल काय? आणि त्याच दक्षिण द्वीपकल्पात १४ ऑगस्ट २०२१ ला ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. दोन हजार दोनशेंहून अधिक माणसं गेली.

आता ही साखळी नीट पाहा. भूकंप झाला, लाकूड आलं. आग लागली, काँक्रीट आलं. काँक्रीट आलं आणि भूकंपात अंगावर पडलं. हलकं बांधलं तर वाऱ्याने नेलं. प्रत्येक वेळी उत्तर बरोबर होतं, पण ते फक्त मागच्या संकटाचं होतं. म्हणून आज आपल्यासमोरचा प्रश्न शैलीचा नाही. या सगळ्या संकटांना एकाच वेळी तोंड देणारी इमारत हवी आहे, आणि ती गावाला स्वतः दुरुस्त करता यायला हवी.

ती घरं का उभी राहिली?

भूकंपात घराला बाहेरून कुणी धक्का मारत नाही. पाया हलतो आणि घराचं स्वतःचं वजन मागे राहायला बघतं. बस अचानक सुटली की आपण मागे झोकांडतो तसं. म्हणजे जितकं वजन जास्त आणि जितकं ते वर, तितका झटका मोठा. हैतीतल्या अनेक घरांत नेमकं हेच होतं : वर जड स्लॅब, खाली बारीक खांब, मध्ये कमी सिमेंटचे ठिसूळ ब्लॉक, सळ्या अपुऱ्या. काँक्रीट ही वाईट वस्तू नाही. पण ते नीट करायला चांगली वाळू, चांगलं सिमेंट, जाणता गवंडी आणि तपासणारा माणूस लागतो. यातलं एक जरी नसलं तरी बाहेरून ओळखू येत नाही. गिलाव्याखाली सगळं सारखंच दिसतं.

जिंजरब्रेड घरांपैकी बऱ्याच घरांत ‘कोलोंबाज’ पद्धतीच्या भिंती आहेत. लाकडाची चौकट, चौकटीत तिरके दांडे, आणि मधल्या जागेत विटा किंवा चुन्यामातीत बसवलेले दगड. भूकंपात अशी भिंत तडकते, पण चौकटीच्या आतल्या आत, लहान लहान तुकड्यांत. ते तुकडे एकमेकांवर घासतात, आणि त्या घासण्यात धक्क्याची ताकद जिरते. गिलावा पडतो, एखादा कप्पा रिकामा होतो, पण सांगाडा छप्पर धरून उभा राहतो. काश्मीरमधल्या ‘धज्जी देवारी’ भिंतींचं तत्त्वही हेच.

आपल्याकडेही याची एक खूण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तिथली घरं म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं माळवद. सुमारे दहा हजार माणसं गेली, बहुतेक भिंती आणि माळवदाच्या ढिगाऱ्याखाली. पण अनेक घरांत आतल्या खणांचा लाकडी सांगाडा, म्हणजे खांब आणि तुळया, भिंती पडल्यावरही उभा दिसला. सांगाडा शहाणा होता, पण भिंत त्याला बांधलेली नव्हती. हैतीच्या चांगल्या जुन्या घरांत भिंत आणि सांगाडा एकजीव आहेत, हा फरक आहे.

त्या पाहणीत आणखी एक धडा होता. ज्या जिंजरब्रेड घरांना नंतरच्या काळात काँक्रीटच्या खोल्या चिकटवल्या होत्या, तिथे नुकसान वाढलेलं दिसलं. लवचीक आणि ताठ असे दोन भाग भूकंपात वेगवेगळ्या तालावर हलतात आणि एकमेकांना ठोकरतात. हा मुद्दा आराखडा काढताना पुन्हा लागेल.

ती काय आणि लाकू

पण जिंजरब्रेड ही शहरातल्या पैसेवाल्यांची घरं. आपलं समाजमंदिर गावात आहे. गावाचं घर म्हणजे ‘ती काय’, शब्दशः लहान घर. एकामागे एक दोन खोल्या आणि पुढे पडवी. तिला तिथे ‘गालेरी’ म्हणतात. अनेक ठिकाणी भिंती ‘क्लिसाज’च्या असतात. खांब रोवायचे, मध्ये उभ्या काठ्या घ्यायच्या, त्यांतून लाकडाच्या चिरलेल्या लवचीक पट्ट्या आडव्या विणायच्या, दोन्ही अंगांनी माती लिंपायची आणि वर चुना. कोकणात किंवा डांग-पालघरकडे ज्यांनी कारवीचा कूड पाहिला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि ही घरं सुटी सुटी नसतात. एका कुटुंबाची तीन-चार पिढ्यांची घरं एका अंगणाभोवती असतात. स्वयंपाकाची खोपी वेगळी, पाण्याची जागा वेगळी, एखादं मोठं झाड, बाजूला पूर्वजांच्या समाध्या. या सगळ्याला मिळून ‘लाकू’ म्हणतात. लाकू म्हणजे अंगण, आणि लाकू म्हणजे त्या अंगणातली माणसंही.

लाकूमागे फार मोठी गोष्ट आहे. हैती हा गुलामांनी बंड करून स्वतंत्र केलेला देश. १७९१ मध्ये उठाव, १८०४ मध्ये स्वातंत्र्य. त्याआधी हे लोक उसाच्या मळ्यांवर ओळीने बांधलेल्या झोपड्यांत, मुकादमाच्या नजरेखाली राहत होते. स्वातंत्र्यानंतरही नव्या राज्यकर्त्यांना मळे चालू हवे होते. १८२६ चा ग्रामीण कायदा माणसांना मळ्यांना जखडून ठेवण्यासाठीच होता. लोकांनी तो फारसा जुमानला नाही. त्यांनी लहान लहान जमिनी धरल्या आणि अंगणाभोवती घरं बांधली. ओळ मोडून गोल केला, असं म्हणा हवं तर. म्हणून हैतीच्या गावात सरळ रेषेत खोल्या मांडणं ही नुसती आराखड्याची निवड राहत नाही.

आपल्याला याची कल्पना यावी. किल्लारीनंतर नव्याने वसवलेल्या अनेक गावांत सरळ रस्ते आणि चौकोनी भूखंड आले. घरं मजबूत होती. पण गल्ली, भावकी आणि घरापुढची बैठक यांची जुनी बांधणी विस्कटली, ही तक्रार पुढे बरीच वर्षं ऐकू येत राहिली.

आराखडा

आता कागद घेऊ. पहिला निर्णय : एक मोठी इमारत बांधायची नाही. एक लाकू मांडायचा. मध्ये अंगण. उत्तरेला मोठी सभेची जागा. पूर्वेला आणि पश्चिमेला ‘ती काय’च्या मापाची दोन लहान घरं, एक मुलांच्या वर्गासाठी, एक आरोग्यसेविकेसाठी. स्वयंपाकाची खोपी आणि स्वच्छतागृहं दक्षिणेला, अंतर ठेवून. जागेवर मापूचं झाड असेल तर अंगण त्याच्याभोवती आखायचं. मापू म्हणजे आपली पांढरी सावर. हैतीत ते झाड पवित्र मानतात; ते तोडून बांधलेल्या समाजमंदिरात गाव पाऊल ठेवील का, हा विचार आधी करावा.

अशी मांडणी केल्यावर एका घराचं नुकसान झालं तरी बाकीची चालू राहतात. आणि पैसे एकदम नसले तर एकेक घर वर्षावर्षाने बांधता येतं.

सभेची जागा २४ फूट रुंद, ४८ फूट लांब घेऊ. आठ-आठ फुटांचे खण, रुंदीत तीन आणि लांबीत सहा. चारी बाजूंनी आठ फूट खोल गालेरी. आता हिशेब करा. आतली जागा ११५२ चौरस फूट. गालेरीसकट पूर्ण माप ४० बाय ६४, म्हणजे २५६० चौरस फूट. त्यातून आतलं वजा केलं की गालेरी होते १४०८ चौरस फूट. पडवी सभागृहापेक्षा मोठी! हे चुकून झालेलं नाही. हैतीत दिवसाचं बहुतेक आयुष्य गालेरीत जातं. पोरं तिथे खेळतात, म्हातारी माणसं बसतात, बायका घेवडे सोलतात, बाजाराला जाणारा तिथे टेकतो. सभागृह महिन्यातून चारदा भरेल, गालेरी रोज भरलेली असेल.

लांब बाजू उत्तर-दक्षिणेला ठेवायच्या. दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री डोंगराकडून. दोन्ही वेळा तो आरपार जाईल. उन्हाचा हिशेब आपण पुण्यात बसून करू शकतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण ४८ अंश वर असतो. वर्षातली ती त्याची दुपारची सर्वांत खालची जागा. आठ फूट खोल गालेरीची सावली तेव्हाही वळचणीच्या पातळीपासून भिंतीवर जवळजवळ नऊ फूट खाली उतरते. वळचण साडेसात फुटांवर असली तरी भिंत पूर्ण सावलीत. उन्हाळ्यात तर सूर्य डोक्यावरच असतो. पंख्याचं बिल इथेच वाचलं.

जोतं दगडाचं आणि तीन फूट उंच. नोव्हेंबर २०१० मध्ये टोमास वादळाच्या वेळी लेओगानमध्ये पाणी भरलं होतं, भूकंपातून वाचलेल्या माणसांच्या तंबूंत. पाणी हा इथला नेहमीचा पाहुणा आहे. जुन्या घरांत खांब थेट जमिनीत पुरत, आणि काही वर्षांत त्यांचे पाय कुजत. आपण खांब दगडी उथळ्यावर ठेवू आणि प्रत्येक खांबाच्या पायापासून लोखंडी पट्टी पायात खोल गाडू, म्हणजे खांब कुजणार नाही आणि वाऱ्याने उपटलाही जाणार नाही.

भिंती कोलोंबाज आणि क्लिसाजच्या मिश्रणाच्या. खिडकीच्या उंचीपर्यंत चौकटीत लहान दगड आणि चुनामाती. त्यावर विणलेला कूड, चुन्याचा गिलावा. खाली जड, वर हलकं. चारही कोपऱ्यांचे खण बंद ठेवायचे आणि त्यांत दोन्ही दिशांनी तिरके दांडे बसवायचे. भूकंपात आणि वाऱ्यात इमारत तिरकी होऊ न देण्याचं काम हेच खण करतील. मधल्या खणांत दारं : लांब बाजूंना चार-चार, आखूड बाजूंना एक-एक, मिळून दहा. जमीन हलली तर कुणालाही दारासाठी रांग लावावी लागू नये. ही दारं लाकडी झडपांची. बंद असतानाही हवा येते, आणि वादळाच्या आधी आतून आडणा घालून पक्की करता येतात.

छप्पर चौपाखी. वारा दोनपाखी घराच्या उघड्या तोंडाला सरळ थडकतो आणि छप्पर उचलतो. चौपाखी छपराला असं तोंड नसतं. उतार तीस अंशांच्या आसपास. वरून पत्रा, पण खाली फळ्यांचा थर. त्याने उन्हाचा ताप आणि पावसाचा आवाज दोन्ही कमी होतात. पत्रा खिळ्यांनी ठोकायचा नाही, स्क्रूने कसायचा, कडांना आणि आढ्याजवळ जास्त दाट. पत्रा वाशाला, वासा कैचीला, कैची खांबाला, खांब पायाला, अशी सलग बांधणी हवी. या साखळीतली एक कडी सुटली की बाकीच्या फुकट.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाची युक्ती, जी कॅरिबियनच्या जुन्या सुतारांची आहे. गालेरीचं छप्पर मुख्य छपराला सलग जोडायचं नाही. ते वेगळं, थोडं खाली, स्वतःच्या खांबांवर. पडवी चारी बाजूंनी उघडी, त्यामुळे वादळात वारा आधी तिच्याखाली शिरतो आणि ती उचलतो. सलग असेल तर ती जाताना घराचं छप्परही घेऊन जाते. वेगळी असेल तर एकटी जाते. गालेरी म्हणजे पालीची शेपटी. तुटते, पण जीव वाचतो. पुढच्या महिन्यात ती पुन्हा बांधता येते.

पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृहं काँक्रीटमध्येच करू, लहान, बुटकी आणि चांगल्या सळ्यांची. ऑक्टोबर २०१० मध्ये हैतीत कॉलऱ्याची साथ आली, त्यामुळे इथे भावनिक होऊन चालणार नाही. फक्त ती मुख्य इमारतीला चिकटवायची नाहीत. वेगळ्या तालावर हलणाऱ्या दोन गोष्टींत अंतर हवं, हे आपण मघाशी पाहिलं.

जिथे परंपरा पुरी पडत नाही

इथपर्यंत सगळं जुळत आलं म्हणून खूश होऊ नये. काही प्रश्नांना जुन्या घरांकडे पुरं उत्तर नाही.

पहिला आगीचा. पोर्ट-ओ-प्रिन्समधलं सगळ्यांत प्रसिद्ध जिंजरब्रेड घर म्हणजे हॉटेल ओलोफसन. एका राष्ट्राध्यक्षाच्या घराण्याचा तो वाडा. अमेरिकेच्या ताब्याच्या काळात, १९१५ नंतर, तिथे नौसैनिकांचं रुग्णालय होतं. ग्रॅहम ग्रीनच्या ‘द कॉमेडियन्स’ या कादंबरीतलं हॉटेल त्यावरूनच सुचलेलं. २०१० चा भूकंप त्याने पचवला. जुलै २०२५ मध्ये राजधानीतल्या टोळ्यांच्या हिंसाचारात ते जळून गेलं. १९२५ चा हुकूम काढणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. आपल्या आराखड्यात चूल लांब आहे, घरांत अंतर आहे आणि लाकूड बरंचसं मातीचुन्यात गुंडाळलेलं आहे. गावातल्या साध्या आगीला हे पुरेल. लावलेल्या आगीला कुठलाच आराखडा पुरत नाही.

दुसरा लाकडाचा. हैतीची जंगलं फार कमी उरली आहेत. मोठ्या मापाचं बांधकामाचं लाकूड बहुतेक बाहेरून येतं. म्हणून आपण आठ फुटांचे खण घेतले, म्हणजे लहान मापाचे नग चालतील. म्हणून भिंतीतल्या पट्ट्यांसाठी गावातली झाडंझुडपं वापरली. वाळवीसाठी उथळ्यावर पत्र्याची टोपी आणि दरवर्षी एक पाहणी. दरवर्षी, हे शब्द महत्त्वाचे.

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड, प्रतिष्ठेचा. मातीची भिंत म्हणजे गरिबी, सिमेंट म्हणजे प्रगती, ही समजूत हैतीत आहे तशी आपल्याकडेही आहे. ज्याने आयुष्यभर कुडाच्या घरात काढलं, त्याला समाजमंदिरही कुडाचंच देणारे आपण कोण? हा प्रश्न रास्त आहे. उपदेशाने तो सुटत नाही. भूकंपानंतर फ्रान्समधल्या ‘क्राटेर’ या मातीबांधकामाच्या संस्थेने स्थानिक संघटनांबरोबर काम केलं. तिथे जुन्या पद्धतीतच उंच जोतं, तिरके दांडे, पक्के जोड अशा सुधारणा करून घरं बांधली गेली. राजधानीत ‘फोकाल’ या हैतीयन प्रतिष्ठानाने ‘मेझाँ द्युफोर’ हे जिंजरब्रेड घर दुरुस्त केलं, आणि ते करता करता गवंडी आणि सुतारांना शिकवलं. २०१६ मध्ये ते घर सांस्कृतिक केंद्र म्हणून उघडलं. जुनी पद्धत चांगल्या हातांनी, चांगल्या मापात केलेली लोकांनी पाहिली की ‘गरिबाचं घर’ हा शिक्का हळूहळू पुसट होतो. झालर लावायचीच असेल तर ती इथे लावा, गावच्या सुताराच्या हातची, त्याचं नाव कोरून. तेव्हा ती शोभेल.

बांधणार कोण?

हैतीच्या शेतकऱ्यांत ‘कोंबित’ची रीत आहे. एकाच्या शेतात सगळ्यांनी मिळून राबायचं, ढोलाच्या तालावर गाणी म्हणायची, मालकाने जेवण घालायचं. पुढच्या वेळी दुसऱ्याचं शेत. आपली इर्जिकच ती! विणायचा कूड, लिंपायची माती, रचायचे दगड ही कामं कोंबितमध्ये होऊ शकतात. कैच्या, जोड आणि पाया ही कामं शिकलेल्या सुतार-गवंड्यांची, पगार देऊन. ही विभागणी स्पष्ट ठेवावी. लोकसहभागाच्या नावाखाली गरीब माणसाकडून फुकट मजुरी करून घेणं, याला कोंबित म्हणत नाहीत.

अंगणात पहिल्या दिवशी एक ‘तोनेल’ उभारायचा, म्हणजे मांडव. चार-सहा खांब, वर पानांचं नाहीतर गवताचं शाकारलेलं छप्पर. गवत म्हणून वाळ्याची पाती चालतात. हो, आपलाच वाळा. हैतीत त्याची मोठी शेती आहे आणि मुळांचं तेल जगभर जातं. या तोनेलखाली बसून गावाने आराखडा पाहायचा, बदलायचा, भांडायचं. इमारत पूर्ण झाल्यावरही तोनेल ठेवायचा. भूकंपानंतरच्या रात्री माणसं कुठल्याही भिंतीच्या आत झोपायला तयार नसतात. २०१० मध्ये लाखो माणसं महिनोन्‌महिने उघड्यावर होती. तेव्हा समाजमंदिराचा सगळ्यांत उपयोगी भाग हा मांडव आणि ते अंगणच असेल.

हैतीत एक म्हण आहे : गळकं घर उन्हाला फसवेल, पावसाला नाही फसवणार. आमच्या धंद्यात चित्रं सुंदर काढता येतात, आणि चित्रातल्या इमारतीवर नेहमी ऊन पडलेलं असतं. म्हणून आपल्या आराखड्यातल्या प्रत्येक भागाला दोन प्रश्न विचारून पाहा. तू कुठल्या संकटाचं उत्तर आहेस? आणि बाकीची संकटं आली तेव्हा तू काय करशील? दगडी जोतं पुराला उत्तर देतं आणि भूकंपात वजन खाली ठेवतं. तिरका दांडा भूकंपात उपयोगी पडतो आणि वादळातही. गालेरी उन्हात सावली देते आणि वादळात स्वतः जाऊन घर वाचवते. काँक्रीटच्या डब्यावर ठोकलेल्या लाकडी झालरीला हेच दोन प्रश्न विचारा. तिच्याकडे एकाचंही उत्तर नाही, म्हणून सुरुवातीलाच आपण ती बाजूला ठेवली.

आता तुमचे प्रश्न घेऊ.